पुरण, पोळी आणि इंचभराचं भोक

आमच्याकडे गिनीपिग आले ते लेकीमुळे, आणि मी हो म्हटलं ते दमल्यामुळे. दोन वर्षं कुत्रा कुत्रा करून झालं होतं, कुत्र्याला सोसायटीत लिफ्टवरून भांडणं, मांजर नको कारण सासूबाईंना शिंका, मासे "कंटाळवाणे असतात गं आई", मग २०२४ च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या मोठ्या पावसात आम्ही तिघं ठाण्यातल्याच एका दुकानातून दोन गिनीपिग घेऊन रिक्षात बसलो. एक पिवळसर, एक पांढरट. दोन्ही माद्या आहेत, काही टेन्शन नाही, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं. नावं पुरण आणि पोळी. त्या माद्या होत्या हे खरंच निघालं, टेन्शन नाही हे तेवढं खोटं.

पिंजरा त्यानेच दिला. दोन मजली, गुलाबी, वर चढायला उतार, खाली जाळीचा तळ आणि जाळीखाली सरकवायचा ट्रे. "मॅडम जाळीवालाच घ्या, शी-शू खाली पडते, ट्रे काढायचा, धुवायचा, वास नाही, काही नाही." मी नोकरी करते, सकाळी सव्वाआठला माझी बस असते, मला हे वाक्य अमृतासारखं वाटलं. त्या क्षणी मी त्या जाळीकडे एकदाही पुरणच्या पायाच्या बाजूने बघितलं नाही. मी ट्रेकडे बघत होते.

जुलैभर पुरण गोल होत गेली. आम्हाला वाटलं कोथिंबीर मानवली. जांभळी नाक्याहून नवरा येताना जुड्या आणायचा, फ्रिजचा दरवाजा उघडल्याचा आवाज झाला की दोघी वीक वीक करून घर डोक्यावर घ्यायच्या, सासूबाई म्हणायच्या "अगं माझ्या पोरांनी कधी एवढ्या आवडीने भाजी खाल्ली नाही." ऑगस्टमध्ये एकदा पुरणला मांडीवर घेतलं तर पोटात आतून काहीतरी ढुशी दिल्यासारखं हललं. मी स्वतः एक बाळंतपण काढलेली बाई, मला कळायला हवं होतं, पण नाही कळलं, मी गॅस झाला समजून तिची कोथिंबीर कमी केली. तिची मी नंतर माफी मागितली आहे.

४ सप्टेंबरला सकाळी साडेसहाला दूध तापवायला उठले तर पिंजऱ्यात पाच जण. गणपतीला तीन दिवस. मागे मोजलं तर हिशोब लागला, गिनीपिगचे दिवस साधारण ५९ ते ७२ असतात, म्हणजे ती दुकानातूनच हे घेऊन आली होती किंवा निघायच्या आदल्या दिवसांतच काहीतरी झालं होतं, कारण तिथे नर-मादी सगळे एकाच खोक्यात. नावं ठेवायला वेळ लागला नाही: वेलची, जायफळ, केशर. पुरणात जे पडतं ते. लेकीने स्वयंपाकघरातला काटा आणून वाटीत घालून वजनं केली, ९१, ८६ आणि ७४ ग्रॅम. केशर सगळ्यात लहान.

आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण माझी सगळी फसगत तिच्यात आहे. मांजरीची पिल्लं, सशाची पिल्लं, उंदराची पिल्लं डोळे मिटलेली जन्मतात, दिवसचे दिवस एका जागी वळवळत पडून राहतात, त्यामुळे माणसाला आपोआप वाटतं की हे नाजूक आहे, याला जपू. गिनीपिगचं पिल्लू तयार होऊनच येतं. अंगावर केस, डोळे उघडे, तोंडात दात, आणि काही तासांत धावायला लागतं. दुसऱ्या दिवशी आईच्या ताटलीतलं गवत ओढून चावतं. दूध पितं पण वर खातंही, आणि आईला आचळं दोनच असतात तरी तीन पिल्लं आपापसात जमवून घेतात, आमच्याकडे एकदाही मारामारी झाली नाही. ते दिसतं मोठ्या गिनीपिगची झेरॉक्स, फक्त लहान केलेली. त्यामुळे आम्ही घरातले सगळे शहाणे लोक म्हणालो, वा, हे तर सगळं स्वतःच करतात, आणि त्यांना तसंच त्या जाळीवर राहू दिलं. झेरॉक्स लहान केली तरी जाळीचं भोक लहान होत नाही, हे डोक्यात आलंच नाही.

भोक इंचाचं होतं. नंतर पट्टी लावून मोजलं. पुरण तेव्हा किलोच्या आसपास, तिचं पाऊल दोन तारांवर टेकायचं. केशरचं मागचं पाऊल म्हणजे तीन बोटं, गव्हाच्या दाण्यासारखी नखं, आणि सगळं मिळून माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान. ती चार दिवस तारेवरून तारेवर चालली. डोंबाऱ्याच्या पोरीसारखी. आम्ही तिचे व्हिडिओ काढले.

आमचा गणपती दीड दिवसाचा. ८ तारखेला रविवार होता, दुपारी उत्तरपूजा, घरात पंधरा-सोळा माणसं, चार लहान मुलं, आणि पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात, म्हणजे मखरापासून सहा फुटांवर. बेडरूममध्ये न्यावा असं मनात आलं होतं पण तिथे सगळ्यांच्या पर्सा आणि पिशव्या होत्या, आणि दहा मिनिटांचा तर प्रश्न. शेवटच्या आरतीला भाचा झांजा घेऊन अगदी पिंजऱ्याला पाठ टेकून उभा राहिला. त्याने पहिली झांज मारली आणि पाचही जनावरं एकदम सुटली. गिनीपिग घाबरला की एकतर दगड होतो नाहीतर गोळी होतो, मधलं काही नाही. चौघं प्लास्टिकच्या घरात शिरली. पाचवी शिरली नाही. टाळ्या आणि झांजांच्या मध्ये मला एक आवाज आला, नेहमीच्या वीक वीकसारखा नाही, खूप बारीक आणि सलग, कुकरची शिटी नीट न बसल्यावर येतो तसा.

केशरचा मागचा उजवा पाय भोकातून घोट्याच्या वरपर्यंत खाली गेला होता आणि ती पुढच्या दोन पायांनी जीव खाऊन पुढे ओढत होती. तार एका जागी, धड पुढे, मध्ये ते हाड. माझा हात आपोआप तिला वर उचलायला गेला आणि नवऱ्याने मनगट धरलं. हे त्याचं एक काम मी जन्मभर विसरणार नाही, एरवी तो अशा वेळी चार्जर शोधत असतो. वरून ओढलं असतं तर जे काही शिल्लक होतं तेही गेलं असतं. मग त्याने वरून तिच्या अंगावर नुसती तळहाताची ओंजळ ठेवली, दाबली नाही, फक्त तिला पुढे जाता येऊ नये एवढी. मी खालचा ट्रे सर्रकन बाहेर काढला, फरशीवर आडवी झाले, नऊवारीत, आणि खालून बोट घालून तिची तीन बोटं एकत्र करून, एक एक नख तारेच्या आत वळवत पाय वर ढकलला. बोटं गरम होती आणि पाय मध्येच, जिथे वाकायला नको तिथे, वाकत होता.

ते मला बोटाला कळलं. अजून कळतं.

रविवार संध्याकाळ, दीड दिवसाच्या विसर्जनाची. घोडबंदर रोड काय झाला असेल ते ठाणेकरांना सांगायला नको. एका ठिकाणी फोन केला तर "आम्ही फक्त डॉग-कॅट बघतो मॅडम", दुसऱ्या ठिकाणच्याने विचारलं "किती वजन? सत्तर ग्रॅम? अहो मग..." आणि पुढचं वाक्य त्याने सभ्यपणे गिळलं. त्यांची चूक आहे असं मी आता म्हणत नाही, ज्याला ज्यातलं कळत नाही त्याने हात न लावणं बरं. तिसरा नंबर मैत्रिणीच्या मैत्रिणीने दिला, मुलुंडचे एक डॉक्टर, ससे-कासवं-पोपट असं सगळं बघणारे. ते फोनवर दोन मिनिटं बोलले. बुटांच्या खोक्यात मऊ कापड, अंधार, शांतता, आईला सोबत ठेवा, काडी बांधून स्प्लिंट वगैरे करायला जाऊ नका, आणि घरातलं माणसांचं कुठलंही औषध द्यायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही.

हे शेवटचं फार वेळेवर आलं, कारण शेजारचे काका त्याच वेळी नातवाचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप घेऊन दारात उभे होते. प्रेमानेच. पण पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध, अमॉक्सिसिलिन धरून, गिनीपिगच्या पोटात गेलं तर आतड्यातले कामाचे जिवाणू मरतात, विषारी वाढतात आणि ते जनावर औषधानेच जातं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हे सांगताना एक मजेची गोष्ट सांगितली, की १९४० साली ऑक्सफर्डला पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा उंदरांवर झाली म्हणून बरं, गिनीपिगवर झाली असती तर विषारी म्हणून बाटली तिथेच ओतून दिली असती. मला त्या वेळी हसू आलं नाही, पण गोष्ट लक्षात राहिली.

विसर्जन झालं. आम्ही दोघी, मी आणि लेक, गेलो नाही, आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर ढोल, आत खोक्यात पुरण तिच्यावर मान टाकून बसलेली. पुरणने रात्रभर केशरला चाटलं. माणसांच्या बायकांबद्दल आपण जे मोठं मोठं लिहितो ते मी हिच्याबद्दल लिहिणार नाही, पण तिने चाटलं एवढं खरं.

सकाळी माजिवड्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये खोकं मांडीवर धरून मुलुंड. एक्स-रेच्या काळ्या कागदावर ते हाड काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक दिसलं, नडगीचं, मधोमध तुटलेलं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनने यात काही घालण्याएवढी जागाच नाही. एक पर्याय पाय काढून टाकण्याचा, तीन पायांवर गिनीपिग चांगले जगतात, पण एवढ्या लहान जिवाचं हाड पटकन जुळतं, तर आधी छोट्या जागेत चार आठवडे आराम देऊन बघू. वेदनेचं औषध सुई नसलेल्या इन्सुलिन सिरिंजमधून, थेंबाथेंबाने, तेही त्यांनी वजन करून काढून दिलेलं. आणि रोज वजन करा, खाणं थांबलं तर वाट बघू नका, यांचं पोट काही तास जरी बंद पडलं तरी भारी पडतं.

मग त्यांनी विचारलं, "पिंजरा कसा आहे?" मी मोबाईलवर दाखवला. केशर तारेवर चालतानाचाच व्हिडिओ होता तो. त्यांनी तो पूर्ण बघितला, काही बोलले नाहीत, फोन परत दिला आणि म्हणाले, "आज घरी जाऊन जमिनीवर झोपा आणि पिंजरा तिच्या उंचीवरून बघा."

मी झोपले. खरंच. गाल फरशीला लावून, चष्मा काढून ठेवून, कारण चष्म्याची कडा मध्ये येत होती. आमच्या घराची साफसफाई किती दिखाऊ आहे हे एक कळलं, सोफ्याखाली एक हरवलेला रिमोट दिसला, आणि मग पिंजरा. वरून मला तो नेहमी गुलाबी दिसायचा. खालून तो नुसता तारा होता. तळाला इंचाची भोकं. बाजूच्या गजांमध्ये मोकळी जागा पिल्लाच्या डोक्याएवढी, आणि यात नियम साधा आहे, डोकं गेलं की धड मागोमाग जातं आणि पिल्लू सोफ्यामागे सापडतं, पण डोकं जाऊन धड नाही गेलं तर ते जास्त वाईट. ट्रे आणि गजांच्या मध्ये एक फट, त्यात पाय. वरच्या मजल्याचा उतार असा की मला चढायला सांगितला तर मी रेलिंग मागीन. त्या वरच्या मजल्याला कठडा नाही. गिनीपिगला उंचीचा अंदाज फारसा येत नाही, तो डोंगराळ देशातला असला तरी गवतात राहणारा, चढणारा प्राणी नाही, दीड फुटावरून पडला तरी हाड जाऊ शकतं. आणि वर टांगलेला तारेचा गोल चेंडू, गवत ठेवायला, जो मी शोभेला म्हणून वेगळे पैसे देऊन घेतला होता. त्याच्या फटीत मोठ्या गिनीपिगचंही डोकं अडकू शकतं, पिल्लाचं काय.

शिवाय जागा. दोन गिनीपिगांना सपाट अशी निदान साडेसात चौरस फूट जागा लागते. आमचा तो बंगला एका मजल्याला तीन चौरस फूट भरला. वरचा मजला म्हणजे बिल्डरच्या भाषेत सुपर बिल्ट-अप, कागदावर असतो, राहता येत नाही. ज्या रस्त्यावर चौरस फुटाचा भाव ऐकून माणसाला घाम फुटतो तिथे राहून हे आपल्या लक्षात येऊ नये याची मला स्वतःचीच गंमत वाटली.

दुकानदारावर मी चिडले होते, खूप, दोन दिवस मनातल्या मनात त्याच्याशी भांडले. आपल्याकडे २०१८ पासून पेट शॉपचे नियम आहेत, नोंदणी लागते, सगळं आहे, मी जाऊन त्याला सुनावणार होते. पण फरशीवर पडल्या पडल्या माझा राग हळूहळू पातळ झाला कारण त्याने मला फसवलं नव्हतं, त्याने मला जे पाहिजे होतं तेच दिलं. ट्रे काढायचा, धुवायचा, सव्वाआठची बस पकडायची. जाळी पुरणसाठी कधी नव्हतीच, माझ्यासाठी होती. मोठ्या गिनीपिगलाही ती बाधतेच, तळपायाला फोड येऊन घट्टे पडतात, चिघळतात, फक्त त्याला महिने लागतात आणि तोपर्यंत आपल्याला दुकान आठवत नाही.

नवीन घर आम्ही आठवडाभरात बांधलं. नवऱ्याने फ्लेक्स छापणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून सनपॅक शीट, म्हणजे फलकांचं ते हलकं प्लास्टिक, आणली, वापरलेली, फुकट. एका बाजूला कुणी भावी नगरसेवक हात जोडून गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा देत होता. ती बाजू आत करायची की बाहेर यावर चर्चा झाली, लेकीने आत केली, त्यामुळे आमच्या गिनीपिगांना आजतागायत शुभेच्छा चालू आहेत. पाच फूट बाय दोन फूट, तळ सपाट, अख्खा, भोक म्हणून नाही. भोवती जाळीचे पॅनेल केबल टायने बांधलेले, पण आतून आठ इंच उंचीपर्यंत शीट वळवून घेतलेली, म्हणजे पिल्लाच्या उंचीला गज लागतच नाहीत, भिंत लागते. केबल टायची टोकं कापल्यावर ती सुरीसारखी धारदार राहतात, ती सगळी बाहेरच्या बाजूला. मजला नाही. उतार नाही. चाक नाही, आणि ते फिरायचे पारदर्शक गोळे तर नाहीच नाही, गिनीपिगचा पाठीचा कणा त्यासाठी केलेलाच नाही. पाण्याची बाटली एक जरा उंचावर बांधलेली पुरण-पोळीला, एक खाली पिल्लांना. प्लास्टिकचं घर हलकं आणि दोन्हीकडून दार असलेलं, कारण घाबरून पाचही एकदम घुसतात तेव्हा दार एकच असेल तर जो मागे राहतो तो चेंगरतो. जागा हॉलमधून बेडरूममध्ये, खिडकीपासून लांब, कारण ऑक्टोबरचं ठाणं आणि गिनीपिग यांचं पटत नाही, आणि बाल्कनीत ठेवायचं नाव नको, कबुतराची जाळी कावळ्याला अडवते, घुशीला नाही.

केशर आणि पुरण मात्र महिनाभर वेगळ्या छोट्या टबात, बाकीच्यांच्या शेजारी, वास आणि आवाज येईल असं. वेलची-जायफळ दूध प्यायला दिवसातून चार वेळा त्या टबात पाहुणे म्हणून जायचे. बघणारा सासूबाईंना म्हणाला असता या बाई दिवसभर करतात काय, तर हे करत होत्या.

आता सासूबाईंचीच गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने. त्यांना केशरचं फार लागलं होतं. जुन्या साड्यांची एक गोधडी होती, माझ्या नवऱ्याच्या लहानपणीची, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. त्यांनी तिचा चौकोन कापून नव्या घराच्या कोपऱ्यात पसरला. पिल्लं त्यावर अशी चिकटून झोपायची की मी फोटो काढला तो घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी स्टेटसला ठेवला. चार-पाच दिवसांनी वेलची एक पुढचा पाय टेकेना. मला धस्स झालं, सपाट तळावर हिला काय झालं. उजेडात धरून बघितलं तर पुढच्या चार बोटांपैकी एक जांभळं, फुगलेलं, आणि त्याच्या मुळाशी काहीच दिसत नाही. काहीच. चष्म्यावर भिंग धरलं तेव्हा दिसला, केसासारखा बारीक पांढरा दोरा, गोधडीच्या धावदोऱ्याचा सुटलेला, तीन वेढे बसून कातडीत रुतलेला. ती धावली तसा तो आवळत गेला असणार. भरतकामाची टोकदार कात्री, सासूबाईंचा हात थरथरत होता म्हणून मी, आणि माझाही थरथरत होताच. लेकीने मोबाईलचा टॉर्च धरला. कात्रीचं टोक दोऱ्याखाली जाईना, मग थोडं नारळाचं तेल लावून, बोट मऊ करून, सुईने एक वेढा उचलला आणि कापला. तट् असा आवाज आला. मला तरी आला. दहा मिनिटांत बोटाचा रंग बदलायला लागला. नखाची जागा अजून थोडी वाकडी आहे.

गोधडी गेली. टर्किश टॉवेलही गेला, त्याच्या दोऱ्यांच्या फासांत नखं अडकून उपटतात. गावदेवी मार्केटमधून फ्लीसचं साधं ब्लँकेट आणलं, कापलं तरी दोरे न सुटणारं. तरी दर दोन-तीन दिवसांनी कडा बोटाने चाचपायच्या, हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "घरात सगळ्यात मऊ म्हणून दिलं गं मी."

मी त्यांना काय सांगणार. मी जाळी दिली होती ती सोयीची म्हणून, त्यांनी गोधडी दिली ती मायेने, दोन्हीत पाय अडकला. आम्ही दोघींनी वरून बघितलं होतं.

एक मात्र सासूबाईंच्या खात्यात जमा आहे. दूर्वा. गणपतीच्या आदल्या दिवशी आणलेल्या जुड्यांतल्या उरलेल्या त्यांनी धुऊन पुरणला घातल्या आणि ती तुटून पडली. दूर्वा म्हणजे हरळीच, गवतच ते, आणि गिनीपिगचं मुख्य अन्न गवतच. ऑनलाइन मिळणारं परदेशी वाळलेलं गवत महाग, ते आम्ही घेतोच, पण वर्षभर अधूनमधून दूर्वा असतात. तबेल्यातला भाताचा पेंढा एकदा आणून बघितला तो मात्र नको, नुसता काड्या, आणि ताठ काडी पिल्लाच्या डोळ्यात जाते, त्यांचे डोळे बाजूला आणि मोठे, नाकासमोरचं दिसत नाही. दुसरं, सिमला मिरची. माणसासारखाच गिनीपिगही व्हिटॅमिन सी स्वतः अंगात बनवू शकत नाही, १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी गिनीपिगला नुसतं धान्य घालून स्कर्व्ही करून दाखवला तेव्हापासून या रोगाचा खाण्याशी असलेला धागा जनावरांवर तपासून बघता यायला लागला. ते कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि मोडलेलं काही लवकर भरून येत नाही, म्हणून डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर खरोखर सिमला मिरची लिहून दिली होती. आमच्या केमिस्टला दाखवायचा मोह मी आवरला.

गणपतीत येणारे काही जण म्हणाले, उंदीरच ना, देवाचं वाहन, चांगलं आहे घरात. काही जण म्हणाले एवढा खर्च सत्तर ग्रॅमच्या जिवासाठी, त्यात नवीन सहा आले असते. हे दुसरं बोलणारे वाईट लोक नाहीत, त्यातला एक तर मला रोज स्टेशनपर्यंत लिफ्ट देतो. मला उत्तर सुचलं नाही तेव्हा आणि आताही खास नाही. फक्त खालून बोट घालून ज्याने तो पाय वर ढकलला त्याला असा हिशोब मांडता येत नाही, पेन उचललं जात नाही.

चौथ्या आठवड्याच्या आधीच एक घाई आली ती सांगून टाकते कारण पिल्लं सांभाळणारे सगळे इथे चुकतात: जायफळ मुलगा निघाला. गिनीपिगचा नर तीन आठवड्यांचा झाला की बाप होऊ शकतो, आई-बहीण हे त्याला समजत नाही, आणि बाळंत झालेली मादी तर लगेचच पुन्हा गाभण राहू शकते. त्याला २१ व्या दिवशी वेगळं केलं. पंधरा दिवसांनी तो माझ्या एका सहकाऱ्याकडे वाशीला गेला, त्यांच्याकडे एक एकटा नर होता. देताना मी त्यांच्या घरी जाऊन पिंजऱ्यासमोर फरशीवर आडवी झाले. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या आईंना वाटलं मला चक्कर आली.

केशरचा पाय जुळला. थोडा बाहेरच्या बाजूला वळून जुळला, त्यामुळे ती धावते तेव्हा तिची मागची बाजू किंचित तिरकी पडते, बेस्टच्या जुन्या बसचं चासिस वाकडं झालं की बस जशी तिरकी पळते तशी. आनंद झाला की गिनीपिग जागच्या जागी उसळ्या मारतात, लाह्या फुटल्यासारख्या. केशर उसळते पण उतरते नेहमी डावीकडे. आता ती साडेआठशे ग्रॅमची आहे आणि कोथिंबिरीसाठी आईला ढकलते. मुलांनी हातात घ्यायचं तर आधी जमिनीवर मांडी घालून बसायचं, एक हात छातीखाली, एक बुडाखाली, उभं राहून कुणीच घ्यायचं नाही, हा घरचा कायदा आहे आणि भाच्याने तो पाठ करून ठेवलाय. झांजा आता गॅलरीत वाजतात.

तो गुलाबी पिंजरा दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याला द्यायला काढला. तो म्हणाला चांगला आहे की, विकून टाकतो कुणाला तरी, जास्त देतो तुम्हाला. मी त्याला थांबायला सांगितलं, आतून पक्कड आणली आणि तळाची जाळी कापून काढली. त्याने चाळीस रुपये कमी दिले आणि माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

जाळी माळ्यावर पडली होती. एप्रिलमध्ये सासूबाईंनी सांडगी मिरची घातली तेव्हा ती काढून बाल्कनीत दोन कुंड्यांवर आडवी ठेवली, खालून वारा लागतो म्हणून. थोड्या वेळाने आतून ऐकू आलं,

"अगं, भोकं मोठी आहेत गं याची. लहान मिरच्या खाली पडतायत."

मी बाहेर जाईपर्यंत त्यांनी त्यावर जुनं धोतराचं फडकं पसरलं होतं आणि चारही कडा बोटाने चाचपून बघत होत्या.